नवसाचा हिशेब

चैत्र लागला म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. बैलगाड्यांच्या जागी आता टेम्पो व जीपगाड्या आल्या. परंतु नवस फेडावयास निघालेल्या मंडळींच्या चेहऱ्यावरचा भाव पूर्वीचाच आहे. कोणी पाळणा वाहतो, कोणी घंटा बांधतो, कोणी पोराच्या वजनाइतका गूळ वाटतो. ह्या नवसांत पुष्कळ नवस एकाच मागणीचे असतात, ती मागणी म्हणजे मुलगा. देवळाच्या तुळईला टांगलेल्या घंटा मोजल्या म्हणजे किती नवस फळले हे कळते. परंतु किती फळले नाहीत, हे मोजावयाचे असेल तर वाचकहो, कोणत्या देवळात जावे? तशी घंटा कोणी बांधत नाही. आज आम्हांला ह्या न बांधलेल्या घंटांविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. देव आहे की नाही, ह्या वादात आम्ही आज पडत नाही. सकाळी उठून सूर्याला हात जोडणाऱ्या, पेरणीच्या आधी तिफणीला हळदकुंकू लावणाऱ्या, पायी पंढरीस जाणाऱ्या माणसाची चेष्टा करण्याची आमची इच्छा नाही. आम्हीही त्याच घरांत वाढलो. आमचा प्रश्न इतकाच आहे की, देवावरची श्रद्धा व शास्त्राचा हिशेब ही दोन्ही एका घरात नांदू शकतात की नाही? आमचे उत्तर आहे की नांदू शकतात. मात्र त्यासाठी एका तिसऱ्या पाहुण्याला घराबाहेर काढावे लागते. तो पाहुणा म्हणजे सौदा.

आमचा धंदा शाळामास्तरकीचा. जून महिन्यात दाखलखारीज रजिस्टर उघडून नवी नावे लिहिण्याचे काम आमच्याकडे असते. आता बऱ्याच नावांत नवेपणा आला आहे. पण जुनी पाने चाळली की दोन तऱ्हेची विचित्र नावे सापडतात. पोर जगावे, त्याला कोणाची नजर लागू नये, म्हणून ठेवलेली दगडू, धोंडू, केरू ही मुलग्यांची नावे. आणि पुन्हा मुलगी होऊ नये म्हणून ठेवलेले नकुसा हे मुलीचे नाव. दोन्ही नावांत दैवाला फसविण्याचाच बेत आहे. फरक इतकाच की, पहिल्यात लेकराला वाचवावयाचे आहे व दुसऱ्यात त्याला नकोसे म्हणावयाचे आहे. हे फार जुने झाले असे समजू नका. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे अडीचशेहून अधिक अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या पोरी तोवर रोज सकाळी वर्गात हजेरीला आपले नाव ऐकत होत्या व ‘हजर’ म्हणत होत्या. ‘नकोशी’ म्हणून हाक मारावयाची आणि तिने ‘हजर’ म्हणावयाचे! मास्तराच्या जिभेला ह्यापेक्षा कडू काम दुसरे नसेल.

आमच्या माहितीतली एक बाई आहे. तिला तीन मुली. चौथ्या वेळी सासूने तिला एका महाराजांकडे नेले. महाराजांनी अंगारा दिला, ओटीत नारळ घातला, अकरा सोमवार सांगितले व दक्षिणा घेतली. पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी अपरात्री उठणाऱ्या त्या बाईने पोटुशीपणी अकरा सोमवार कडक धरले. चौथीही मुलगी झाली. घरचे लोक जाब विचारावयास गेले, तेव्हा महाराज शांतपणे म्हणाले, “बाईच्या मनात किंतु होता. उपासात खोट झाली.” पैसे गेले त्याचे दुःख नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात खोट हा शब्द त्या बाईचे दुसरे नाव होऊन बसला. आजचा हा लेख त्या बाईसाठी आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाच्या एका बाईंनी पिठात होणाऱ्या किड्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, नर होणार की मादी होणार हे नराच्या बीजावर ठरते. पुढे माणसाच्या बाबतीतही तेच ठरले. आपल्या शरीरात गुणसूत्रे म्हणून अति सूक्ष्म धागे असतात. लिंग ठरविणारे सूत्र आईकडून येते ते एकाच जातीचे असते. त्याला एक्स म्हणतात. बापाच्या बीजात मात्र दोन जाती आहेत, काहींत एक्स व काहींत वाय. एक्स पोहोचले तर मुलगी, वाय पोहोचले तर मुलगा. म्हणजे जमिनीत ज्वारी पेरून बाजरी का उगवली म्हणून जमिनीला चाबूक मारणाऱ्या शेतकऱ्याला आपण वेडा म्हणू. परंतु सुनेच्या बाबतीत हाच वेडेपणा पिढ्यान्पिढ्या शहाणपण म्हणून चालत आला. आणि बापालाही दोष देण्याचे कारण नाही, कारण कोणते बीज पोहोचावे हे त्याच्याही हाती नाही.

कोणाला ही पुस्तकातली गोष्ट वाटत असेल, तर त्याने आपल्याच गोठ्यात जावे. हल्ली गाईम्हशींसाठी लिंग वेगळे केलेल्या रेतमात्रा मिळतात. त्यांतून शंभरात सुमारे नव्वद कालवडी होतात. ही निवड कोठे होते? वळूच्या बीजात होते, गाईच्या पोटात होत नाही. गाय कोणतीही असो, कांडी वळूची. ही गोष्ट आमच्या दूधवाल्या शेतकऱ्याला पक्की ठाऊक आहे व तो त्यासाठी जास्त पैसे मोजतो. गाईला कालवड झाली म्हणजे तो पेढे वाटतो आणि त्याच आठवड्यात सुनेला मुलगी झाली म्हणजे तोंड उतरवून ओट्यावर बसतो! गोठ्यात जो शास्त्र मानतो, तो माजघरात का मानत नाही?

आता दुसरी गोष्ट, योगायोगाची. मुलगा की मुलगी हे छापा-काट्यासारखे आहे, जवळजवळ निम्मे-निम्मे. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे एकशे पाच मुलगे जन्मतात, म्हणजे शंभर बाळंतपणांत सुमारे ५१ मुलगे व ४९ मुली. हे आकडे ध्यानात ठेवा, म्हणजे महाराजांची सिद्धी कशी चालते ते समजेल.

एकदा आम्ही वर्गातल्या ३२ मुलामुलींना एकेक रुपया उडवावयास सांगितला. छापा पडेल त्याने उभे राहावयाचे, काटा पडेल त्याने खाली बसावयाचे. पहिल्या खेपेस १७ जण उभे राहिले. उभे होते त्यांनी पुन्हा उडविला, ८ राहिले. मग ५, मग २, आणि पाचव्या खेपेस एकच पोरगा उभा राहिला. लागोपाठ पाच छापे! पोरांनी टाळ्या पिटल्या. त्याला वाटले की आपल्या हातात काही गुण आहे. पुढच्या बाकावरच्या एकाने तर त्याच्या पाया पडण्याचे नाटकही केले. आम्ही विचारले, “ह्याच्या हातात काय आहे?” कोणी म्हणाले नशीब, कोणी म्हणाले युक्ती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, एकतिसजण बसले, त्यांच्याकडं कोणी बघतच नाही.”

वाचकहो, ह्या पोरीने एका वाक्यात जे सांगितले ते मोठमोठ्या पंडितांना सुचत नाही. बत्तीस जणांनी पाच वेळा नाणे उडविले तर त्यांतून साधारण एकाला पाचही छापे यावेत, असा गणिताचाच नियम आहे. कोणाला येतील हे सांगता येत नाही. कोणाला तरी यावेत हे सांगता येते. त्या एकाला उचलून पाटावर बसविले, गळ्यात हार घातला व बसलेल्या एकतिसांना विसरलो, की झाला बुवा तयार.

आता बुवाच्या गल्ल्याचा हिशेब मांडू. समजा, शंभर बायका मुलासाठी त्याच्याकडे गेल्या व प्रत्येकीने हजार रुपये दिले. एक लाख जमा झाले. बुवाने काहीही केले नाही, चिमूटभर राख दिली. तरी ५१ जणींना मुलगे होणारच. त्या ५१ घरांतून पेढे येतील, घंटा येतील, पाहुण्यारावळ्यांत कीर्ती होईल, व पुढच्या वर्षी शंभरांच्या जागी दोनशे येतील. राहिलेल्या ४९ जणी गप्प बसतील. कारण बोलल्या तर खोट त्यांचीच निघते. उद्या एखादा बुवा धीट निघाला व म्हणाला की, ‘मुलगा न झाल्यास पैसे परत’, तर भोळ्या माणसाला वाटेल की हा किती सच्चा! त्याने ४९ जणींचे ४९ हजार प्रामाणिकपणे परत केले, तरी ५१ हजार त्याच्या पदरात राहिलेच. ह्या धंद्यात बुडीत खाते नाही. ना बी, ना खत, ना पाऊस. पीक मात्र दरसाल हमखास. आमच्या शेतकऱ्याला अशी शेती ठाऊक असती तर तो कर्जात कशाला बुडाला असता!

ह्यातूनच एक दुसरी फसगत निघते. ‘तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच,’ असे पुष्कळजण खात्रीने म्हणतात, जणू दैवाच्या घरी पाळ्या लावलेल्या आहेत. तीन मुले असलेल्या शंभर घरांत सुमारे अकरा-बारा घरांत तिन्ही मुलीच असाव्यात, हा साधा हिशेब आहे. त्यात कोणाचा शाप नाही. आणि चौथ्या वेळी पुन्हा निम्मे-निम्मेच. नाण्याला मागची आठवण नसते. ह्या एका चुकीच्या समजुतीपायी चौथे, पाचवे, सहावे बाळंतपण आमच्या किती बायकांच्या हाडांवर लादले गेले असेल!

येथे कोणी श्रद्धावान माणूस कळवळून विचारील, “मास्तर, मग सारा योगायोगच का? देवाच्या हाती काहीच नाही?” हा प्रश्न थट्टेने उडविण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आमच्या शेतातच आहे.

सोयाबीन पेरण्याच्या आधी शहाणा शेतकरी काय करतो? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळून ठेवतो व काही दिवसांनी मोजतो. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे. त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे माप वाढवावयाचे. त्या शंभरांपैकी कोणते सत्तर उगवतील हे त्याला ठाऊक आहे काय? नाही. तरीही तो सत्तरावर भरवसा ठेवून पेरतो. एक दाणा बेभरवशाचा, पण पोतेभर बियाण्याचे माप भरवशाचे. योगायोग म्हणजे अंदाधुंदी नव्हे. एकएकटी घटना कशीही पडो, पुष्कळ घटना एकत्र पाहिल्या की त्यांत नियम दिसतो. ज्या जगात आंधळा गोंधळ असता, त्या जगात शेतीही झाली नसती व सुईणीचे कामही चालले नसते.

हाच नियम तीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज वैद्याने पाहिला. त्याचे नाव जॉन आर्बथनॉट; इंग्लंडच्या ॲन राणीचा तो वैद्य. लंडनमधील चर्चांत बाप्तिस्म्याच्या नोंदी असत. त्याने १६२९ ते १७१० पर्यंतची ८२ वर्षांची वही तपासली. दरसाल, एकही वर्ष न चुकता, मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिक होते. त्याने हिशेब केला की, हे नुसते छापा-काट्याप्रमाणे असते तर ८२ वेळा ओळीने छापाच पडण्यासारखे झाले असते. आमच्या वर्गातल्या पोराला पाच छापे आले, तो बत्तिसांत एक. ८२ छापे यावयाचे तर पंचवीस आकडी संख्येत एक! तेव्हा त्याने ठरविले की, हे आंधळ्या योगायोगाने होत नाही. पुरुषांची कामे जोखमीची, त्यांत ते अधिक मरतात. म्हणून ईश्वराने ते थोडे अधिक जन्मास घातले आहेत व जोडी जमवून दिली आहे.

त्यावर स्वित्झर्लंडचा गणिती निकोलस बर्नोली म्हणाला की, ह्याला इतके लांब जाण्याची गरज नाही. पस्तीस बाजूंचा एक फासा कल्पा. अठरा बाजूंवर मुलगा व सतरा बाजूंवर मुलगी. तो फासा टाकीत गेले की लंडनची वही तशीच निघते. आता हे पाहा की, आकड्यांविषयी दोघांचे भांडण नव्हते. एकाला त्यात ईश्वराची योजना दिसली, दुसऱ्याला फाशाचा आकार दिसला. फासा असा कोणी घडविला, हे विचारणाऱ्याचे तोंड बर्नोलीच्या गणिताने बंद होत नाही. आणि आर्बथनॉटच्या भक्तीने एक आकडाही बदलत नाही. वही दोघांनाही एकच. श्रद्धा व शास्त्र एकत्र राहावयाचे ते असे. वही खोटी करावयाची नाही. तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाशी लावावा.

आता आर्बथनॉटचा देव व आमच्या महाराजांचा देव ह्यांत अंतर पाहा. आर्बथनॉटने देव नियमात पाहिला. सर्व घरांना सारखा, श्रीमंत-गरीब न पाहणारा, ८२ वर्षे एकदाही न चुकणारा. महाराजांचा देव अपवादात राहतो. हजार रुपये देणाऱ्यासाठी नियम मोडणारा, अकरा सोमवारांत एक घास चुकला तर रागावणारा, व मध्ये दलाल असल्याशिवाय अर्ज न घेणारा. ह्यांतला कोणता देव मोठा, हे सांगावयास मास्तर कशाला पाहिजे? जोतीराव फुल्यांनी ज्याला निर्मिक म्हटले, तो सर्वांचा एकच व मध्यस्थावाचूनचा होता. आणि १८९१ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात स्त्री व पुरुष ह्यांत त्यांनी स्त्रीलाच श्रेष्ठ ठरविले आहे. नवसाने पोरे होतात असे म्हणणाऱ्यांना तुकोबांनी केलेला रोकडा सवाल तर आमच्या घरोघर पाठ आहे. तो येथे लिहिण्याचीही गरज नाही. तेव्हा जो नवसाचा बाजार नाकारतो तो धर्म बुडवितो, असे कोणी म्हणू नये. आमचे थोर भक्तच तो आधी नाकारून बसले आहेत.

संभव म्हणजे ललाटलेख, असाही एक गैरसमज आहे. मूल जन्मल्यावर पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून आमच्या आया पाटा पुजून, दिवा लावून ठेवतात. ठेवोत, दिव्याने बाळंतिणीच्या खोलीत उजेड तरी होतो. पण हिशेब पाहा. १९९७-९८ साली हिंदुस्थानात एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ आया बाळंतपणात किंवा त्याच्या कारणाने दगावत. २०१८-२० साली तो आकडा ९७ झाला. सटवाईने आपले अक्षर बदलले काय? नाही. लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातली बाळंतपणे, वेळेवर मिळालेले रक्त, रात्रीअपरात्री धावलेली गाडी व घरोघर फिरणारी आशाताई, ह्यांनी तो आकडा खाली आणला. संभव कपाळावर कोरलेला नसतो. माणसाच्या कष्टाने तो सरकतो. मग नवसाचे पैसे बाईच्या दुधाला, अंड्याला, हिरव्या भाजीला लावले, तर मुलगा की मुलगी हे काही बदलणार नाही. पण आई जगेल की नाही, ह्याचा आकडा नक्की सरकेल.

इतके लिहिल्यावर शास्त्राचा अभिमान मिरविणाऱ्या सुशिक्षितांनाही चार शब्द ऐकविणे भाग आहे. ते म्हणतील, “हे खेड्यातले अडाणी लोक, त्यांना बुवा फसवितात, आमचे तसे नाही.” अहो शहाणे, बुवाने फक्त पैसे घेतले. तुमच्या यंत्राने काय घेतले ते पाहा! सोनोग्राफी हे शास्त्राचेच लेकरू. पोटातले बाळ नीट आहे की नाही हे पाहण्याचे ते केवढे मोठे साधन! पण नवसात जी मागणी होती तीच मागणी यंत्रापुढे ठेवली गेली, आणि शिकलेल्या हातांनी ती पुरविली. महाराष्ट्राने १९८८ साली ह्याविरुद्ध कायदा केला. १९९४ साली सबंध देशासाठी झाला. गर्भाचे लिंग बदलून देतो असे सांगणाऱ्या भोंदूंसाठी २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तरी काय झाले?

पुन्हा आर्बथनॉटची वही उघडू. निसर्गाच्या मापाने हजार मुलग्यांमागे सुमारे साडेनऊशे मुली असावयास पाहिजेत. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८९४. बीड जिल्ह्यात भरल्या ८०७. एका वाडीत दहा पोरांत सात मुलगे निघाले तर तो योगायोग असू शकेल. परंतु लाखो लेकरांच्या मोजणीत इतकी तूट योगायोगाने पडत नाही. हे आर्बथनॉटचेच गणित आम्हांला सांगते. त्याने वहीत नियम पाहिला व म्हणाला, येथे ईश्वराचा हात आहे. आम्ही तीच वही पाहतो, नियम मोडलेला दिसतो, आणि म्हणावे लागते की येथे माणसाचा हात आहे. ज्या मुली त्या वहीत नाहीत, त्यांना नकुसा हे नावसुद्धा मिळाले नाही. मास्तराला त्यांची हजेरीही घेता आली नाही.

म्हणून आमचे सांगणे दोन्हीकडच्या मंडळींस आहे. शास्त्र किती होईल, कसे होईल हे सांगते. कोणाला जगू द्यावे हे ते सांगत नाही. ते दया, न्याय व श्रद्धा ह्यांनी सांगावयाचे आहे. दयेवाचूनचे शास्त्र दवाखान्याच्या मागच्या दारात जाऊन उभे राहते, आणि हिशेबावाचूनची श्रद्धा बुवाच्या पुढच्या दारात. दोन्ही दारांतून आत ढकलली जाते ती आमचीच लेक.

मग प्रार्थना करू नये काय? अवश्य करावी. पोटुशी बाई दिवेलागणीला हात जोडून ‘देवा, सुखरूप सोडव’ म्हणते, तेव्हा ती कोणाशी सौदा करीत नाही. ती आपले भय देवापुढे ठेवते व बळ मागते. त्या प्रार्थनेने आकडे खोटे पडत नाहीत व बुवाचा गल्लाही भरत नाही. ‘मुलगा दे, बोकड देतो’ हे वाक्य मात्र प्रार्थनेचे नव्हे. ते बाजाराचे आहे. आणि ज्या बाजारात देणारा वाटेल ते मागतो, माल पोहोचेल की नाही हे निम्मे-निम्मे, व माल न पोहोचल्यास दोष गिऱ्हाइकाचा, त्या बाजारात आमचा शेतकरी आपला एक पोता कांदाही नेणार नाही.

आम्ही एक साधा उपाय सुचवितो. ज्या ज्या स्थानी नवस बोलले जातात, तेथे घंटांच्या शेजारी एक वही टांगावी. नवस बोलणाऱ्याने बोलताना तारीख लिहावी. वर्षाने फळला किंवा नाही, हेही त्यानेच लिहावे. नावाची जरुरी नाही. ज्या देवस्थानाच्या पंचांना आपल्या देवाची खात्री आहे, त्यांनी वहीला भिऊ नये. आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ह्या महिन्यात मुलगे किती जन्मले, मुली किती जन्मल्या, हे खडूने लिहावे. सहा महिन्यांत आकडे एकीकडे कलले म्हणून लगेच कोणावर आळ घेऊ नये. लहान गावात तेवढा योगायोग चालतो. परंतु वर्षानुवर्षे मुलींचाच आकडा खाली राहिला, तर गावाने जत्रा थांबवून आधी त्याचा जाब द्यावा.

त्या चार मुलींच्या आईला आम्हांला एवढेच कळवावयाचे आहे: बाई, तुमच्या उपासात खोट नव्हती, मनात किंतु नव्हता, कुशीत दोष नव्हता. नाणे चार वेळा एका अंगावर पडले, इतकेच. असे पुष्कळ घरी पडते. आणि जी पडली ती खोटी बाजू नव्हे. रुपया दोन्ही बाजूंनी रुपयाच असतो. तुमची थोरली यंदा आमच्या शाळेतून सातवी उतरून गेली. गणितात ती पहिली होती.

आता मृग फार लांब नाही. आमचे शेतकरी बंधू गोणपाटावर शंभर दाणे मांडतील, उगवलेले मोजतील, बियाण्याचे माप ठरवतील. मग तिफणीला हळदकुंकू लावून, पूर्वेकडे तोंड करून चाड्यावर मूठ धरतील. त्या मुठीत दाण्यांचा हिशेबही असतो व पावसासाठी जोडलेले हातही असतात. दोहोंचे भांडण आम्ही शेतात कधी पाहिले नाही. शेतातले हे शहाणपण उंबरा ओलांडून घरात यावे, एवढीच आमची ह्या जत्रांच्या दिवसांत सर्वांस विनंती आहे.